मायक्रोवेव्हची फिरती थाळी: रचनेत नक्की काय सुधारायचं?

काचथाळी

प्रकल्पाचा विषय आहे मायक्रोवेव्हच्या फिरत्या थाळीची रचना सुधारणे. मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग), वेव्हगाइड (त्या कप्प्यात आणणारी धातूची नळी) आणि आतला कप्पा यांना हात लावायचा नाही. कप्प्याच्या तळाला नवीन भोकही पाडायचं नाही. थाळी, चाकांचं कडं, मधला कपलर (मोटर थाळीला जोडणारा तुकडा), मोटर आणि मोटर चालवणारा प्रोग्राम एवढंच बदलायची मुभा आहे.

समोर असलेल्या ओव्हनची मापं अशी: कप्प्याचा तळ ३३० × ३३० मिमी. काचेची थाळी २७० मिमी व्यासाची, वजन १ किलो. कड्यावर १६ मिमी व्यासाची तीन चाकं, केंद्रापासून ९० मिमीवर. मधे तीन पाकळ्यांचा प्लॅस्टिकचा कपलर. खाली सिंक्रोनस मोटर, तिच्यावर ५/६ फेरे प्रति मिनिट असं छापलंय (५० हर्ट्झला ५, ६० हर्ट्झला ६).

तक्रारी तीन आहेत. मधोमध ठेवलेलं अन्न मधेच गार राहतं. जड भांडं कडेला ठेवलं की थाळी कलते आणि ठरावीक वेळाने ‘टक्’ असा आवाज येतो. आणि कप गरम करून दार उघडलं की कपाचा कान मागच्या भिंतीकडे असतो.

डोक्यात असलेले उपाय: वेग ५ वरून १५ फेऱ्यांवर नेणे, तीनऐवजी सहा चाकं, साध्या मोटरऐवजी स्टेपर मोटर (ठरावीक कोनाच्या पावलांनी फिरणारी). यातलं कामाचं काय आणि वेळ वाया घालवणारं काय?

---

अर्धीलहर

वेग आधी बाद करा. त्याने पहिली तक्रार जाणार नाही, आणि ती का जाणार नाही हे कळलं तर बाकीची रचना आपोआप सुचेल.

घरगुती ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. म्हणजे लहर १२.२ सेमी, अर्धी लहर ६.१ सेमी. धातूच्या बंद कप्प्यात लहरी भिंतींवरून परततात, एकमेकींत मिसळतात, आणि जास्त तापणाऱ्या व कमी तापणाऱ्या जागा ठरून जातात. दोन गरम जागांमधलं अंतर साधारण अर्ध्या लहरीच्या आसपास. थाळी स्थिर ठेवली तर अन्नावर हेच ठिपके उमटतात.

थाळी फिरवल्यावर अन्नाचा प्रत्येक कण एका वर्तुळावरून फिरतो आणि त्या वर्तुळावरच्या गरम-गार जागांची सरासरी त्याला मिळते. पण तो कण स्वतःचं वर्तुळ सोडून शेजारच्या वर्तुळावर कधीच जात नाही. म्हणून ठिपक्यांच्या जागी कडी येतात: एक तापलेलं कडं, त्याच्या आत एक गार कडं. आणि अगदी मधल्या बिंदूचं वर्तुळ म्हणजे शून्य. तो जागच्या जागी गिरकी घेतो. तिथे लहरींचा जोर जेवढा असेल तेवढाच त्याच्या वाट्याला येतो. काही ओव्हनमध्ये मध्यबिंदू गार असतो, काहींत उलट जास्त तापतो. सरासरी मात्र कुठेच होत नाही.

आता वेग १५ करा. २ मिनिटांत १० ऐवजी ३० फेरे होतील, पण वर्तुळं तीच. १० फेऱ्यांत सरासरी पुरेशी झालेलीच असते. म्हणून तुमचा प्रश्न ‘किती वेगाने फिरवू’ असा नाही, ‘त्रिज्या कशी बदलू’ असा आहे.

काही बनवण्याआधी मोजमाप करा. दोन चाचण्या पुरेत.

पहिली कागदाची. थाळीएवढा जाड कागद किंवा पुठ्ठा पाण्यात पूर्ण भिजवा, थाळीवर पसरा. वर बिलाच्या यंत्रात असतो तो उष्णतेने काळा होणारा कागद ठेवा. मधला कपलर काढून घ्या म्हणजे थाळी फिरणार नाही. पूर्ण शक्तीवर २० ते ४० सेकंद चालवा आणि काळे डाग दिसताच थांबवा. कागद सुकू द्यायचा नाही, कारण सुकलेला कागद म्हणजे रिकामा ओव्हन, शिवाय आगीचा धोका. मग कपलर बसवून नव्या कागदावर तेच करा. पहिल्या कागदावर ठिपके येतील, दुसऱ्यावर कडी. काळ्या कड्याच्या मध्यापासून पांढऱ्या कड्याच्या मध्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. अन्न त्रिज्येच्या दिशेने किमान तेवढं सरकलं पाहिजे. ही एकच संख्या तुमच्या सगळ्या रचनेचा पाया आहे.

दुसरी पाण्याची. सारखे चार छोटे कप, प्रत्येकात १०० मिली पाणी, सगळ्यांचं तापमान २० अंश. एक केंद्रात, बाकीचे केंद्रापासून ६.५, ८.५ आणि १०.५ सेमीवर, वेगवेगळ्या दिशांना. वेळ ८४ सेकंद ठेवा, म्हणजे ५ फेऱ्यांच्या मोटरवर बरोबर ७ फेरे होतात आणि अर्धवट फेरा आकड्यांत घोळ घालत नाही. ८०० वॅटच्या ओव्हनमध्ये ४०० मिली पाणी एवढ्यात सरासरी ४० अंशांनी चढायला हवं. प्रत्यक्षात थोडं कमीच चढेल, कारण काच आणि कपही तापतात. बाहेर काढून प्रत्येक कप ढवळा, मगच तापमापी बुडवा. न ढवळता मोजलेला आकडा निरुपयोगी, कारण वरचं पाणी खालच्यापेक्षा बरंच गरम असतं. कपांच्या जागा बदलून तीनदा करा. सर्वात कमी वाढ भागिले सर्वात जास्त वाढ हे गुणोत्तर नोंदवा. सुधारणा झाली की नाही ते याच्यावरून ठरवायचं, अन्न चाखून नाही.

एक वेगळं कारण यात मिसळू नका. जाड अन्नाचा गाभा गार राहतो कारण लहरी पाणीदार अन्नात एक-दोन सेंटीमीटर गेल्यावरच क्षीण होतात. तो दोष थाळीचा नाही आणि कुठलीही थाळी तो काढू शकत नाही. तिथे थर पातळ करणं, झाकणं आणि दोन मिनिटं तसंच राहू देणं हाच उपाय. म्हणूनच चाचणी पातळ कागदावर आणि ढवळलेल्या पाण्यावर घ्यायची.

---

पानापेचकस

थाळी कलते त्याबद्दल. इथे गणित सोपं आहे, पण सहसा कोणी मांडत नाही.

तीन चाकं केंद्रापासून ९० मिमीवर आहेत म्हणून थाळीला ९० मिमीपर्यंत आधार आहे असं वाटतं. तसं नाही. थाळी चाकावर कलत नाही, दोन चाकांना जोडणाऱ्या रेषेवर कलते. ती रेषा केंद्रापासून त्रिज्येच्या निम्म्यावर, म्हणजे ४५ मिमीवर येते. थाळीचं १ किलो वजन ४५ मिमीच्या भुजेने धरून ठेवतंय. भांडं १०० मिमीवर ठेवलं तर त्याची भुजा ५५ मिमी. म्हणजे ८२० ग्रॅमचं भांडं थाळी उचलायला पुरे. पाऊण लिटर पाणी भरलेला काचेचा वाडगा सहज त्याच्या वर जातो.

सहा चाकांनी ही रेषा ७८ मिमीवर जाते (९० गुणिले ०.८६६). त्याच जागी आता साडेतीन किलो लागतील. चार चाकांनी ६४ मिमी, म्हणजे सुमारे पावणेदोन किलो. वास्तविक पहिली निवड मोठं कडं ही असायला हवी, पण चाकं ज्या खोबणीतून फिरतात ती तळाच्या पत्र्यातच दाबून काढलेली असते आणि कप्पा बदलायचा नाही असं तुम्ही म्हणता. मग सहा चाकं हाच मार्ग. तेव्हा तुमची दुसरी कल्पना बरोबर आहे.

आक्षेप येईल की सहा चाकं एकाच वेळी टेकणार नाहीत. खरंय, एनॅमलचा तळ तेवढा सपाट नसतो. टेकतील तीन-चारच. पण थाळी कलायला लागली की उरलेलं चाक पाव मिलिमीटरच्या आत खाली लागतं आणि तिथेच तिला अडवतं. एवढ्या कलण्याचा आवाजही होत नाही.

आता ‘टक्’. चाक थाळी आणि तळ यांच्यामध्ये लाटण्यासारखं सापडलेलं असतं, म्हणून चाकाचा मध्य थाळीच्या निम्म्या वेगाने सरकतो. थाळीचा फेरा १२ सेकंदांचा, तर कड्याचा २४ सेकंदांचा. याच कारणाने चाकाच्या आसावर भार जवळजवळ नसतोच; आस फक्त चाकाला जागेवर ठेवतो, त्यामुळे आसाला वंगण लावू नका, त्यात खरकटं चिकटतं आणि करपतं.

घड्याळ लावून आवाज मोजा:

दर ८ सेकंदांनी ‘टक्’ आणि फक्त कडेला जड भांडं असताना: भांडं दोन चाकांमधल्या रिकाम्या जागेवर आलं की थाळी कलते. तुमची तक्रार बहुधा हीच.

दर ८ सेकंदांनी, ओव्हनच्या नेहमी एकाच कोपऱ्यातून, थाळी रिकामी असली तरी: तळाच्या खोबणीत काहीतरी चिकटलंय, एकेक चाक त्यावरून उडतंय.

दर ८ सेकंदांनी, पण आवाजाची जागा फिरत राहते: थाळीच्या खालच्या बाजूला टवका किंवा चिकटलेला थर.

साधारण दर एक-दोन सेकंदांनी: एखादं चाक एका बाजूने चपटं झालंय. १६ मिमी चाकाचा परीघ ५० मिमी, आणि ते सेकंदाला २३-२४ मिमी सरकतं, म्हणजे चाकाचा फेरा सुमारे २ सेकंदांचा; त्यात चपटी जागा एकदा तळाला आणि एकदा थाळीला लागते.

दर १२ सेकंदांनी एकदा, किंवा सलग किरकिर: कपलरची पाकळी चिरलीय नाहीतर मोटरच्या आतल्या गिअरचा दात गेलाय.

चाक चपटं का होतं तेही बघा. टेफ्लॉन उष्णतेला उत्तम, २६० अंशांपर्यंत टिकतं, पण सतत भाराखाली हळूहळू पसरतं. ओव्हन बंद असतानाही थाळी त्यावर बसूनच असते, त्यामुळे त्याच जागी ते चपटं होतं. पॉलिप्रॉपिलीन १६०-१७० अंशांना वितळतं. करपलेलं तूप-तेल खोबणीत साचलं की तो काळा थर स्वतः लहरी शोषून तेवढं सहज तापतो आणि चाक खालून खातो. पीपीएस हे प्लॅस्टिक मला सर्वात बरं वाटतं: कडक, लहरी फारशा शोषत नाही, २०० अंशांना डगमगत नाही. नमुना थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या प्लॅस्टिकचा करणार असाल तर पीएलए नको, ते ६० अंशांलाच मऊ पडतं.

---

साठ_की_पन्नास

कपाच्या कानाचं उत्तर मोटरमध्येच आहे, आणि स्टेपर न लावता मिळतं.

सिंक्रोनस मोटर विजेच्या आवर्तनाशी बांधलेली असते. ५० हर्ट्झवर ५ फेरे म्हणजे एक फेरा १२ सेकंदांत, बरोबर ६०० आवर्तनांत. भार वाढला म्हणून ती हळू होत नाही. एकतर त्याच गतीने फिरते नाहीतर अडकते. त्यामुळे वेळ कळला की कोन कळला, वेगळा सेन्सर नको.

आता ३० सेकंदांचं बटण दाबा. ३० भागिले १२ म्हणजे अडीच फेरे. कान बरोब्बर मागे! ६० सेकंदांना पाच फेरे, कान पुढे. ६० हर्ट्झवर फेरा १० सेकंदांचा, म्हणून तिथे ३० सेकंदांनाही कान पुढे येतो. एकच मोटर, एकच बटण, आणि ५० हर्ट्झवर कान उलटा. म्हणून ५० हर्ट्झच्या ओव्हनला गिअरचं गुणोत्तर बदलून ६ फेऱ्यांची मोटर द्या. फेरा १० सेकंदांचा झाला की १०च्या पटीतला प्रत्येक वेळ कान पुढे आणून थांबेल. सुट्या भागांची संख्या एकानेही वाढत नाही. मोटरवर छापलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नका: थाळीच्या कडेला चिकटपट्टीची खूण करून १० फेरे मोजा, १२० सेकंद येतायत ना ते बघा.

तुम्ही बघितलं असेल, थाळी कधी डावीकडे फिरते कधी उजवीकडे. मोटरमध्ये एकच कॉइल आणि आत कायमचुंबकाचा रोटर. एका कॉइलच्या चुंबकी क्षेत्राला फिरण्याची अशी दिशाच नसते. वीज कोणत्या क्षणी आली आणि रोटर कुठे थांबला होता यावर दिशा ठरते. पूर्ण फेऱ्यांच्या हिशोबाला त्याने फरक पडत नाही, शून्यावरून निघून शून्यावरच येणार. शिवाय मोठं भांडं भिंतीला अडलं तर मोटर आपसूक उलटी फिरते आणि गिअर वाचतात. हा गुण घालवू नका.

स्टेपर किंवा दिशा ठरवता येणारी दोन कॉइलची मोटर लावणारच असाल तर त्याहून सुंदर युक्ती आहे: निम्मा वेळ सुलट, निम्मा वेळ उलट. एकूण वेळ ३७ सेकंद असो की ९५, कप निघाला तिथेच परत. फक्त २४ सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल तर जाताना पूर्ण फेरा होत नाही (१० सेकंदांना जेमतेम १५०°), म्हणून तेव्हा वेग वाढवावा लागेल. १५ फेऱ्यांवर कडेच्या भांड्याला बसणारा बाहेरचा ओढा गुरुत्वाच्या सुमारे साडेतीन टक्के, त्याने काही सांडत नाही. दिशा पालटतानाचा झटका मात्र काठोकाठ भरलेला कप सांडवू शकतो. अर्ध्या सेकंदात हळू करत थांबवा, मग उलट फिरवा.

या सगळ्यात एक सापळा आहे आणि तो अन्न असमान तापण्यात भर घालू शकतो. इन्व्हर्टर (शक्ती सलग कमी-जास्त करणारा भाग) नसलेला ओव्हन शक्ती कमी करतो म्हणजे मॅग्नेट्रॉन चालू-बंद करतो. समजा चक्र ३० सेकंदांचं आणि शक्ती २० टक्के. ६ सेकंद चालू, २४ बंद. फेरा १० सेकंदांचा असेल तर एका चक्रात बरोबर ३ फेरे. म्हणजे मॅग्नेट्रॉन दर वेळी चालू होतो तेव्हा थाळीची तीच बाजू त्याच जागी असते! थाळी डोळ्यांना फिरताना दिसते, पण लहरींच्या लेखी ती दर वेळी तोच तुकडा पुढे करते. ६ सेकंदांतले पहिले दोनेक सेकंद मॅग्नेट्रॉनमधली तार (फिलामेंट) तापण्यात जातात, उरतात ४, म्हणजे १४४° एवढाच तुकडा तापत राहतो. गोठलेलं अन्न वितळवताना एक बाजू शिजते आणि दुसरी बर्फ, त्यामागे हे एक कारण असतं.

१२ सेकंदांच्या फेऱ्याला हाच त्रास २४ सेकंदांच्या चक्रात होतो. ३० च्या चक्रात अडीच फेरे होतात, समोरासमोरच्या दोन बाजू आलटून पालटून येतात, तेवढं बरं.

उपाय फक्त प्रोग्राममधला आहे: चक्र २६ सेकंदांचं करा. १२ च्या फेऱ्याला दर चक्रात ६०° पुढे सरकतं, सहा चक्रांत सगळीकडून येऊन जातं. १० च्या फेऱ्याला पाच चक्रांत. दोन्हीकडे चालतं. मी वर सुचवलेली ६ फेऱ्यांची मोटर घेतलीत तर चक्र बदलणं सक्तीचं समजा, नाहीतर कान पुढे येईल आणि अन्न अर्धं गार राहील. सध्याचं चक्र किती सेकंदांचं आहे ते कानांनीच कळतं: मॅग्नेट्रॉन चालू झाला की ट्रान्सफॉर्मरचा घुमणारा आवाज जाड होतो. दोन जाड आवाजांच्या सुरुवातींमधला वेळ मोजा.

---

पत्रा_आणि_भोक

एक सावधगिरी, कारण असे बदल करताना कपलर तुटतो म्हणून धातूचा शाफ्ट घालायचा मोह होतो. घालू नका.

तळातलं भोक १२ मिमीचं धरा. एवढ्या गोल भोकातून १४ गिगाहर्ट्झच्या वरच्याच लहरी मोकळेपणाने जातात. २.४५ ची लहर आत शिरताच विझते. भोकाला नळीसारखी कड असेल तर दर १२ मिमी लांबीला सुमारे ३२ डेसिबलने. प्लॅस्टिकचा शाफ्ट घातल्यावर ही मर्यादा साडेआठ-नऊ गिगाहर्ट्झपर्यंत उतरते, तरी पुष्कळ शिल्लक आहे. पण मधून धातूची दांडी गेली की भोक आणि दांडी मिळून टीव्हीच्या केबलसारखी रचना होते, आणि तिला अशी खालची मर्यादाच नाही. लहरी दांडीच्या कडेने थेट मोटरच्या खान्यात. गळतीची मर्यादा ५ सेमी अंतरावर दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॅट आहे. ती ओलांडायला वेळ लागणार नाही.

मोटर बदलण्यासाठी वरचं आवरण उघडू नका, आत उच्च दाबाचा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही तो जीवघेणा झटका देऊ शकतो. बऱ्याच ओव्हनला खालून, मोटरच्या बरोबर खाली, चार बारीक पट्ट्यांनी अडकलेला चौकोनी पत्रा असतो. प्लग काढा, थाळी आणि कडं बाहेर घ्या, ओव्हन आडवा करा, पट्ट्या कटरने तोडा. परत लावताना पत्रा फिरवून स्क्रूने आवळायचा. नवी मोटर घेताना तिच्यावरचा व्होल्टेज जुळवा: २१ व्होल्टच्या आणि २२०-२४० व्होल्टच्या मोटरी बाहेरून एकसारख्या दिसतात.

---

काचथाळी

सर्वांचे आभार. सहा चाकं, २६ सेकंदांचं चक्र आणि पूर्ण फेऱ्यांवर थांबणं नक्की झालं. वेग वाढवायचा नाही.

राहिली त्रिज्या. तळाला नवीन भोक नाही, शाफ्ट केंद्रातच. थाळीच्या वरच काहीतरी करून अन्न आत-बाहेर कसं सरकवायचं?

---

अर्धीलहर

हाताने करायचं उत्तर आधी देतो, कारण यंत्र तेच करणार आहे. वाडगा मधे ठेवायचा नाही, केंद्रापासून ६ सेमीवर ठेवायचा. निम्मा वेळ झाला की वाडगा स्वतःभोवती अर्धा वळवायचा. वाडग्याची जी बाजू थाळीच्या केंद्राजवळ होती ती आता कडेला गेली. प्रत्येक घासाला दोन वर्तुळं मिळाली. काचेवर ६ सेमी त्रिज्येचं एक उठावदार कडं आणि निम्म्या वेळेला ‘टूं’ एवढं केलंत तरी पाण्याच्या चाचणीत फरक दिसायला हवा. ओव्हनच्या पुस्तिकेत ‘मधे ढवळा’ लिहितात त्यातही हेच आहे.

यंत्राने करायचं तर ग्रहमालेसारखी गिअरची रचना: स्थिर आतील दातांचं कडं ७९ दातांचं, त्यात फिरणारं, थाळीला जोडलेलं चाक ४९ दातांचं, मॉड्यूल (दातांचं माप) २. थाळीचा मध्य ३० मिमीच्या वर्तुळावर फिरेल आणि थाळी त्याच वेळी उलट दिशेने १९.६ सेकंदांत एक फेरा घेईल. अन्नाचा प्रत्येक कण आत-बाहेर ६० मिमीपर्यंत सरकेल, जवळजवळ अर्धी लहर. मार्ग पुन्हा जुळायला ४९ फेरे, म्हणजे पावणेदहा मिनिटं लागतात. कप्प्यात दोन्ही बाजूंना ३० मिमी जागा आहे, ती सगळी यात जाते. मापं अगदी काठावर आहेत, थाळी २६० मिमीची केलीत तर बरं.

---

पानापेचकस

गणित देखणं आहे, पण उघडे गिअर अन्नाखाली ठेवू नका. ऊतू गेलेलं दूध दातांत वाळलं की पहिल्याच आठवड्यात सगळं जाम. शिवाय थाळी सरकतही राहणार, म्हणजे चाकांचं कडं निकामी. तिला घसरणाऱ्या बोंडांवर बसवावी लागेल आणि घर्षण कितीतरी वाढेल.

त्यापेक्षा चांदणी वापरा. थाळीत बसेल अशी एक पातळ प्लॅस्टिकची चकती, तिच्यावर केंद्रापासून ६० मिमीवर एक खुंटी. खुंटीवर सैल फिरणारं १४० मिमी व्यासाचं छोटं तबक, आणि तबकाच्या खाली सहा बोटांची चांदणी, प्रत्येक बोट खुंटीपासून ९० मिमी लांब. बोटांची उंची थाळीच्या काठापेक्षा वर. बोटाचं टोक केंद्रापासून १५० मिमीपर्यंत पोचतं; भिंत १६५ मिमीवर आहे, लागत नाही. आता तळावर, चाकांच्या खोबणीबाहेर, कप्प्याच्या चौकोनात घट्ट बसणारी चौकोनी चौकट ठेवा. चौकोनी आहे म्हणून ती फिरू शकत नाही, स्क्रूही नको. चौकटीवर एक उभा दांडा, केंद्रापासून १४० मिमीवर.

थाळीच्या प्रत्येक फेऱ्यात चांदणीचं एक बोट या दांड्याला अडतं आणि तबक ६०° वळतं. सहा फेऱ्यांत, म्हणजे १२ सेकंदांच्या हिशोबाने ७२ सेकंदांत, वाडगा स्वतःभोवती पूर्ण फिरला. तबकाच्या मध्यापासून ५ सेमीवरचा घास थाळीच्या केंद्रापासून १ सेमीपासून ११ सेमीपर्यंत सगळ्या त्रिज्यांवर जाऊन येतो. मोटर डावीकडे फिरो की उजवीकडे, चालतं. दांडा फक्त हलकेच ढकलतो, कारण तिथला वेग सेकंदाला ७ सेमीच आहे.

अडचणी कुठे येतील: खुंटी फार घट्ट बसली तर वाडगा वळण्याऐवजी सगळी चकतीच थाळीवर घसरेल, म्हणून चकतीखाली सिलिकॉनची तीन बोंडं द्या आणि खुंटीला अर्धा मिलिमीटर सैलपणा ठेवा. बोटं ४ मिमीपेक्षा पातळ करू नका, गरम असताना वाकतात. तबक मोठ्या भांड्याला पुरणार नाही. मोठं भांडं असेल तेव्हा चकती उचलून बाजूला ठेवायची, थाळी पूर्वीसारखी वापरायची. आणि कप ठेवला तर कानाचा हिशोब सहा फेऱ्यांनी जुळेल, एका फेऱ्याने नाही, तेव्हा कपासाठीही चकती काढावी.

चांदणीसकट आणि चांदणीशिवाय अशी तीच कागदाची चाचणी घ्या. कागद या वेळी तबकाएवढाच, १४० मिमीचा कापा आणि तबकावर चिकटवा. अर्धीलहर यांनी सांगितलेलं काळ्या-पांढऱ्या कड्यांमधलं अंतर चांदणीशिवाय किती येतं ते आधी लिहून ठेवा. ते ३० मिमीच्या आसपास असेल तर खुंटी ६० वर आणायची गरज नाही, ४५ मिमीही पुरेल. मग तबकाचं मध्य सहा चाकांच्या आधाररेषेच्या बरंच आत येतं आणि जड वाडग्यालाही थाळी हलत नाही. फक्त बोटं १०५ मिमी करा, म्हणजे टोक पुन्हा १५० वर येईल.